गूगलवर शोधताना या चुका टाळा: पंचवटीतल्या ई-सेवा केंद्राच्या काउंटरवरून

माझं ई-सेवा केंद्र नाशिकच्या पंचवटीत आहे. सातबारा, उत्पन्नाचा दाखला, पीक विमा, शिष्यवृत्तीचे फॉर्म अशी कामं घेऊन दिवसभर माणसं येतात आणि त्यातल्या कितीतरी जणांच्या तोंडी एकच वाक्य असतं, "गूगलवर तर असं आलंय." कुणी लिहिलंय, कधी लिहिलंय, हे विचारलं की समोरचा माझ्याकडे बघत राहतो. लॅरी पेज आणि सर्गी ब्रिन यांनी 1998 मध्ये गूगल काढलं तेव्हापासून त्याचं मूळ काम एकच आहे: जगभरची पानं चाळायची आणि तुमच्या शब्दांशी जुळणारी क्रमाने लावून द्यायची. पहिला क्रमांक म्हणजे ती माहिती तपासून खरी ठरली, असा त्याचा अर्थ कधीच नव्हता. तरी त्याच त्याच चुका रोज काउंटरवर येतात, म्हणून एकदा सविस्तर लिहितो आहे.

तारीख न बघता बातमी खरी मानणं

या चुकीवर मी सगळ्यात जास्त लिहिणार आहे, कारण आपल्या जिल्ह्यात ती थेट शेतकऱ्याच्या खिशाला लागते.

चांदवड तालुक्यातले एक नाना माझ्याकडे नेहमी येतात. चाळीत उन्हाळ कांदा भरून ठेवलेला, भाव जरा चढायची वाट बघत होते. एका रात्री पुतण्याने मोबाइलवर 'कांदा निर्यातबंदी' असं शोधलं आणि वर आलेली बातमी नानांना वाचून दाखवली. केंद्राने निर्यात बंद केली, बाजार कोसळणार, शेतकरी हवालदिल. फोटो होता, मोठं शीर्षक होतं, वृत्तपत्रही नावाजलेलं होतं. नानांनी रातोरात मजूर बोलावले, चाळ फोडली, सकाळी पिकअप भरून लासलगावला नेली आणि मिळेल त्या भावाने माल देऊन मोकळे झाले. दोन दिवसांनी पीक विम्याच्या कामाला आले तेव्हा मला सांगत होते, "म्हटलं बाजार पडायच्या आत काढून टाकू." मी पुतण्याच्या मोबाइलवर तीच बातमी उघडली. ती डिसेंबर 2023 ची होती. बंदी उठून वर्ष उलटलं होतं. तारीख फोटोच्या खाली बारीक अक्षरात होती, आणि शीर्षक व पहिला परिच्छेद वाचून पुतण्याने मोबाइल खाली ठेवला होता. नाना काही बोलले नाहीत, नुसता कागद सही करायला पुढे घेतला. मला मात्र दिवसभर चैन पडलं नाही.

यात बातमी खोटी नव्हती, हे नीट लक्षात घ्या. कांद्याचं धोरण इतक्या वेळा बदललं की प्रत्येक टप्प्याच्या शेकडो खऱ्या बातम्या नेटवर तशाच पडून आहेत. ऑगस्ट 2023 मध्ये 40 टक्के निर्यात शुल्क लागलं. 8 डिसेंबर 2023 पासून निर्यातच बंद झाली. 4 मे 2024 ला बंदी उठली, पण टनाला 550 डॉलर किमान निर्यात मूल्य (त्याहून कमी भावाने माल बाहेर पाठवता येत नाही) आणि 40 टक्के शुल्क ठेवून. सप्टेंबर 2024 मध्ये किमान मूल्याची अट गेली आणि शुल्क 20 टक्क्यांवर आलं. 1 एप्रिल 2025 पासून तेही काढलं. तुम्ही 'कांदा निर्यात शुल्क' एवढंच टाकलंत तर यातला कुठलाही टप्पा तुमच्यासमोर आजचा म्हणून येऊ शकतो.

सिंहस्थाचंही तेच. 'नाशिक कुंभमेळा स्नान तारखा' शोधलं की 2015 ची पानं अजून वर येतात, 29 ऑगस्ट, 13 सप्टेंबर वगैरे. या वेळच्या जाहीर झालेल्या तारखा 2 ऑगस्ट 2027, 31 ऑगस्ट 2027 आणि तिसरं स्नान नाशिकला 11 सप्टेंबर, त्र्यंबकेश्वरला 12 सप्टेंबर अशा आहेत. बाहेरगावच्या पाहुण्यांना स्क्रीनशॉट पाठवण्याआधी साल तरी बघा.

आणि निकालाखाली '3 तासांपूर्वी' असं दिसलं म्हणून निश्चिंत होऊ नका. जुन्याच पानात दोन ओळी बदलून ते पुन्हा ताजं केलं की तिथे नवी वेळ दिसू शकते. 'आजचे कांदा बाजारभाव' अशा नावाची कितीतरी पानं याच जोरावर चालतात. वर तारीख आजची, आतला तक्ता कधीचा कुणास ठाऊक.

मी स्वतः काय करतो ते सांगतो. शोधून झालं की फिल्टरच्या पट्टीच्या टोकाला जाऊन 'टूल्स' उघडतो आणि वेळ 'गेले 24 तास' किंवा 'गेला आठवडा' करतो. शोधाच्या शब्दांपुढे इंग्रजीत 'आफ्टर', लगेच कोलन आणि साल टाकलं तरी त्या आधीची पानं गळतात. दुसरी सवय याहून उपयोगाची आहे. मराठी बातमीत 'मंगळवारी (दि. 12)' असा वार आणि दिनांक बहुतेक वेळा असतोच. भिंतीवरचं कॅलेंडर बघायचं. या महिन्याची 12 तारीख मंगळवारी नसेल तर बातमी या महिन्याची नाही. एवढं बघायला काही क्षण लागतात आणि कुठलंही ॲप लागत नाही.

बाजारभावासाठी तर गूगलच्या निकालांत फिरूच नका. कृषी पणन मंडळाचं संकेतस्थळ मोबाइलवर सेव्ह करून ठेवा आणि रोज थेट तेच उघडा. तिथे बाजार समिती, वाण, आवक आणि किमान, कमाल, सर्वसाधारण असे तिन्ही दर असतात. व्हिडिओच्या चित्रावर मोठ्या अक्षरात जो आकडा झळकतो तो बहुतेक वेळा कमाल दर असतो, एखाद्या गाडीला मिळालेला. तुमचा माल सर्वसाधारण दराच्या आसपास जाणार आहे, हिशेब त्यावर करा. लाल कांद्याचा भाव उन्हाळ कांद्याला लावू नका हे वेगळं सांगायला नको, पण तेही होतं.

कस्टमर केअरचा नंबर गूगलवर शोधणं

ही चूक शिकले-सवरलेले लोक जास्त करतात. पैसे अडकलेले असतात, घाई असते, आणि बँकेचं किंवा कुरिअरचं नाव टाकून पुढे 'कस्टमर केअर नंबर' लिहिलं की पहिला दिसेल तो नंबर फिरवला जातो.

सातपूरच्या एका ताईंचं पार्सल अडकलं होतं. असाच नंबर मिळाला. पलीकडचा माणूस अतिशय नम्र, मराठीत बोलणारा. पत्ता अपडेट करायला पाच रुपये भरा म्हणाला, त्यासाठी एक ॲप टाकायला लावलं. ते ॲप स्क्रीन दुसऱ्याला दाखवणारं होतं. ताईंनी पाच रुपये भरताना टाकलेला पिन त्याने बसल्या जागी बघितला. खात्यातून पैसे जायला लागल्यावर त्या माझ्या केंद्रात धावत आल्या, त्यांचा हात इतका थरथरत होता की मोबाइलचं लॉक उघडेना. मी आधी त्यांचं इंटरनेट बंद केलं, मग माझ्या फोनवरून 1930 हा सायबर फसवणुकीच्या तक्रारीचा सरकारी नंबर लावून दिला. तक्रार लवकर गेली म्हणून पुढची एक रक्कम थांबली. आधी गेलेली अजून आलेली नाही.

हे नंबर वर येतात कसे, हे माहीत असलं तर माणूस सावध राहतो. गूगल मॅप्सवरच्या कुठल्याही दुकानाच्या किंवा शाखेच्या माहितीत बदल सुचवण्याची सोय सगळ्यांना खुली आहे. चांगल्या कामासाठीच ती ठेवली आहे, पण 2018 मध्येच महाराष्ट्रात बँकांच्या शाखांचे नंबर अशा पद्धतीने बदलून लोकांना लुबाडल्याच्या तक्रारी पोलिसांकडे आल्या होत्या. शिवाय खोटे नंबर प्रश्नोत्तरांच्या पानांवर, पीडीएफमध्ये, जाहिरातींत पेरलेले असतात. शोधणारं यंत्र शब्द जुळवतं, त्या नंबरवर फोन करून बघत नाही.

नंबर कार्डाच्या मागे असतो, पासबुकावर असतो, बिलावर असतो, ॲपच्या मदत विभागात असतो. तिथूनच घ्या. नाही सापडला तर सरळ शाखेत जा. रविवार कारंजाजवळच्या शाखेत जायला अर्धा तास मोडतो म्हणून जे टाळतात, त्यांना नंतर पोलीस ठाण्यात दिवस काढताना मी पाहिलंय. फसलाच असाल तर लाजून घरी बसू नका, त्याच क्षणी 1930 लावा.

एआयचा उतारा वाचून तिथेच थांबणं

ऑगस्ट 2024 पासून आपल्याकडेही गूगलच्या निकालांच्या वर एआयने तयार केलेला सारांश येतो. मुलांना तो फार आवडतो. प्रश्न टाकला, चार ओळी वाचल्या, फॉर्म भरला. मला ही घाई अजिबात पसंत नाही. हीच सोय अमेरिकेत मे 2024 मध्ये सुरू झाली तेव्हा पिझ्झावर चीज टिकावं म्हणून सॉसमध्ये डिंक मिसळा असा सल्ला तिने दिला होता, आणि त्याचं मूळ होतं कुणीतरी रेडिट या चर्चेच्या संकेतस्थळावर अनेक वर्षांपूर्वी थट्टेत टाकलेली एक प्रतिक्रिया. त्यानंतर सुधारणा झाल्या, हे खरं. पण योजनेची पात्रता, उत्पन्नाची मर्यादा, शेवटची तारीख या गोष्टी दरवर्षी बदलतात आणि सारांशात जुनं-नवं एकत्र कालवलं जातं. शिष्यवृत्तीचा फॉर्म चुकीच्या मर्यादेवर विसंबून सोडून दिलेली पोरं माझ्याकडे मुदत संपल्यावर येतात, तेव्हा मला काहीच करता येत नाही.

सारांशाच्या बाजूला ज्या पानांचे दुवे असतात त्यातलं निदान एक उघडा. सारांश नकोच असेल तर फिल्टरच्या पट्टीत 'वेब' निवडा, फक्त साधे दुवे उरतात. मी दिवसभर तेच वापरतो.

'स्पॉन्सर्ड' हा शब्द न वाचणं

सगळ्यात वर येणारे काही निकाल पैसे देऊन लावलेल्या जाहिराती असतात आणि तसं तिथे लिहिलेलं असतं. साध्या 36 पानी पासपोर्टची सरकारी फी 1500 रुपये आहे. डिजिटल सहीचा सातबारा महाभूमीच्या संकेतस्थळावर 15 रुपयांत निघतो. यासाठी जास्तीचे पैसे भरून आलेली माणसं मला नेहमी भेटतात. एप्रिल 2019 च्या आधीच्या गाड्यांना नव्या नंबर प्लेटची सक्ती झाली तेव्हा तर बुकिंगच्या नावाने नकली संकेतस्थळांचं पेवच फुटलं. लाडक्या बहिणीच्या केवायसीलाही तेच झालं.

पत्त्याच्या पट्टीत बघा. सरकारी पत्त्याच्या शेवटी 'गव्ह डॉट इन' किंवा 'निक डॉट इन' असतं. शेवटी म्हणजे पहिल्या तिरक्या रेघेच्या आधी. मधे कुठेतरी 'गव्ह' घुसवलेलं चालत नाही. शोधतानाच इंग्रजीत 'साइट', कोलन आणि जागा न सोडता 'गव्ह डॉट इन' टाकलं तर बाकीचा कचरा येतच नाही.

बाकीच्या, थोडक्यात

अख्खी गोष्ट शोधात लिहू नका. 'माझ्या आजोबांच्या नावावरची जमीन वडिलांच्या नावावर कशी करावी नाशिक' याऐवजी 'वारस नोंद अर्ज' पुरतं.

नेमकं वाक्य किंवा नाव हवं असेल तर दुहेरी अवतरणचिन्हांत टाका. नको असलेल्या शब्दाआधी उणे चिन्ह लावा.

जुना शासन निर्णय मराठीत शोधून सापडत नाही म्हणून तो नाहीच असं समजू नका. कितीतरी जुन्या पीडीएफ स्कॅन केलेल्या किंवा यूनिकोडच्या आधीच्या फॉन्टमधल्या आहेत, गूगलला त्यातलं अक्षर नीट वाचता येत नाही. शासनाच्या जीआरच्या संकेतस्थळावर विभाग आणि तारीख टाकून शोधा.

ब्राउझरच्या इनकॉग्निटो म्हणजे खासगी विंडोमध्ये शोधलं म्हणजे कुणालाच कळत नाही, हा समज सोडा. तुमच्या मोबाइलवर इतिहास उरत नाही, इतकंच.

औषधाचा डोस गूगलवर बघून बदलू नका. यावर चर्चा नाही.

एकाच सर्च इंजिनवर अडून राहू नका. गूगल बहुतेक मोबाइलवर आधीपासून लावलेलं मिळतं, त्यामागे मोठे करार असतात. 2022 मध्ये एकट्या ॲपलला त्यासाठी 20 अब्ज डॉलर दिले गेले. 5 ऑगस्ट 2024 रोजी अमेरिकेतले न्यायाधीश अमित मेहता यांनी सर्चच्या बाजारात गूगलने बेकायदा मक्तेदारी राखली असा निकाल दिला, आणि सप्टेंबर 2025 मध्ये असे एकाधिकाराचे करार करायला मनाई केली. महत्त्वाचं काही असेल तर तोच शोध मी बिंग किंवा डकडकगोवर एकदा टाकून बघतो. दोन्हीकडे वेगळं आलं तर मूळ पान शोधायला बसतो.

शेवटचं, कुंभाच्या खोल्यांबद्दल. आत्तापासूनच माणसं विचारायला लागली आहेत. प्रयागराजच्या वेळी नकली बुकिंग संकेतस्थळांबद्दल पोलिसांना इशारे द्यावे लागले होते, इथेही ते होणार हे धरून चला. मॅप्सवर लॉज दिसलं, फोटो छान, अभिप्राय छान, म्हणून आगाऊ रक्कम पाठवू नका. अभिप्राय उघडून 'सर्वात नवीन' अशी क्रमवारी लावा. सगळे एकाच आठवड्यातले आणि एकाच छापाच्या भाषेतले असतील तर ते लॉज सोडून द्या. नाशिकमध्ये ओळखीचं कुणी असेल तर त्यांना पत्त्यावर पाठवून लॉज खरंच तिथे आहे का ते बघायला सांगा. ओळखीचं कुणी नसेल तर व्हिडिओ कॉलवर दारावरची पाटी आणि समोरचा रस्ता दाखवायला सांगा. टाळाटाळ झाली तर पैसे पाठवू नका.