खाडीचा गाळ मोजताना: पहिल्या वर्षाचे धडे

एम.एस्सी.च्या प्रकल्पाला मी गोव्यात झुआरीच्या खाडीतला गाळ घेतला, तेव्हा वाटायचं की खरं काम प्रयोगशाळेतच असतं. तसं नाही. चिखलात उभं असताना पहिल्या अर्ध्या तासात जे हातून सुटतं, ते पुढे कुठल्याच यंत्राला सापडत नाही.

दिवस भरती-ओहोटीचा तक्ता बघून ठरवा. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला ओहोटीचं पाणी खूप खाली जातं, तिवरांपुढचा चिखल उघडा पडतो. पाणी उतरत असतानाच पोचा.

नळी गाळात दाबून उचलली की आधी नीट बघा. वर काही मिलिमीटर तपकिरी थर, खाली करडा, त्याखाली काळा, सडक्या अंड्याचा वास मारणारा. तो काळा रंग लोहाच्या सल्फाइडचा. हवा लागली की तो फिका पडू लागतो. म्हणून तापमान, पीएच आणि रेडॉक्स (गाळात ऑक्सिजन आहे की संपलाय, याचा अंदाज देणारा विद्युतदाब) तिथेच मोजायचं, आकडा स्थिरावेपर्यंत इलेक्ट्रोड न हलवता.

फॉस्फेटचं दुखणंही हवेचंच. कणांमधल्या पाण्यात विरघळलेलं लोह हवेत गंजतं आणि तो गंज फॉस्फेट धरून बसतो. नळी उघडी ठेवून जेवायला गेलात तर आकडा कमी येणारच! थर नायट्रोजन भरलेल्या पिशवीत कापा, लगेच बर्फात ठेवा. अमोनियमसाठी गाळ त्याच दिवशी २ मोलर पोटॅशियम क्लोराइडमध्ये घुसळून गाळून घ्या.

सेंद्रिय कर्बावर मात्र माझे दोन महिने गेले. तो मोजायची वॉकले-ब्लॅक पद्धत १९३४ची, मुळात मातीसाठीची. तिच्यात डायक्रोमेट हे रसायन किती खर्च झालं त्यावरून कर्ब काढतात, पण ते कर्बासोबत मिठातल्या क्लोराइडवरही खर्च होतं. माझे आकडे समुद्राकडे जावं तसे वाढत होते आणि मी खूश होते. प्रयोगशाळेतल्या एका ताईंनी वही बघून एवढंच विचारलं, "अगं, गाळातलं मीठ काढलंस का?" मी कर्ब नाही, खारेपणा मोजत होते. क्लोराइड अडकवायला आम्लात सिल्व्हर सल्फेट घालून सगळे नमुने पुन्हा केले.

कणांचा आकार ६३ मायक्रॉनच्या, म्हणजे वाळू आणि बारीक गाळ वेगळा करणाऱ्या चाळणीवर, ओल्या गाळावरच काढा; वाळला की ढेकळं होतात. बारीक गाळ कर्ब जास्त धरतो, त्यामुळे या आकड्याशिवाय दोन ठिकाणांची तुलना करू नका.

आणि पावसाळ्यातली फेरी त्रासाची म्हणून टाळू नका. जुलैत नदीचं गोडं पाणी खाडीत उतरतं, आणि मे महिन्यात मोजलेली तीच जागा तुम्हाला ओळखू येत नाही.