मंदिराच्या भिंतीवर संतचरित्र रंगवताना

जी.डी. आर्ट करून बाहेर पडलो आणि पहिलं मोठं काम मिळालं ते अमळनेर तालुक्यातल्या एका गावच्या विठ्ठल मंदिराचं. सभामंडपाच्या भिंतींवर संतांचे प्रसंग काढायचे होते. या वाटेला येऊ पाहणाऱ्यांनी माझ्या चुका तरी वाचून घ्याव्यात.

आधी भिंत बघा. गिलावा नवा असेल तर पुरता वाळू द्या. घाई केली की खार फुटतो आणि रंगाचे पापुद्रे सुटतात. माझा एक कोपरा असाच गेला, सगळा खरवडून पुन्हा करावा लागला. आपल्या खानदेशात मे महिन्यात पारा ४५ गाठतो, अ‍ॅक्रिलिक ब्रशवरच सुकतं. म्हणून रंगकाम पहाटे, आणि दुपारी सावलीत बसून खाके. कागदावर रेखाटन, रेषेवर सुईनं भोकं, मग कागद भिंतीला लावून वर कोळशाच्या भुकटीची पुरचुंडी आपटायची. परांचीवर उभ्यानं मोठी आकृती काढताना प्रमाण हमखास बिघडतं, खाक्यानं ते सावरतं.

चमत्कार सोपे, असं मला वाटायचं. मागं तेजोवलय टाकलं की झालं! पहिलाच प्रसंग मुक्ताबाईचा. विसोबानं खापर मिळू दिलं नाही, मग ज्ञानदेवांनी पाठ तापवली आणि तिनं त्यावर मांडे भाजले. मी तिच्या हातात पोळपाटावर लाटल्यासारखी छोटीशी पोळी दिली. मंदिरात आलेल्या बायका हसायलाच लागल्या. खापरावरचे मांडे घरोघरी करणाऱ्या मुलखात ही चूक कशी खपावी? मांडा हातावर फिरवून मोठा करतात, तो पार कोपरापर्यंत लोंबतो. एकीनं ओल्या फडक्याची घडी घेऊन तो कसा झेलायचा ते करून दाखवलं. ते हात मी तसेच उतरवले. वलयाची गरज उरली नाही, पुसून टाकलं.

खरी परीक्षा दामाजीपंतांची. दुष्काळात मंगळवेढ्याची सरकारी कोठारं त्यांनी लोकांसाठी उघडली, म्हणून बेदरच्या बादशहाचा कोप झाला. मग विठ्ठल विठू महार होऊन दरबारात गेला आणि धान्याची रक्कम भरून पावती घेऊन आला, अशी कथा. दरबारात त्याला कुणी ओळखलं नाही, पण मंदिरातल्या माणसानं ओळखायला हवं. मी त्याला घोंगडी नि काठी दिली, रंग सावळा, आणि पाय विटेवर असतात तसे जुळलेले. एका कीर्तनकारबुवांनी पायांकडे बोट दाखवून मान डोलावली, तेव्हा हायसं वाटलं.

कोठाराच्या प्रसंगात मात्र फसलो. दामाजीपंत मधोमध, उंचच उंच, आणि सगळी गर्दी हात जोडून त्यांच्या तोंडाकडे बघतेय. १९७२ च्या दुष्काळात खडी फोडलेली, मिलो आणि सुकडीवर दिवस काढलेली एक आजी रोज पायरीवर बसायची. ती म्हणाली, "देनाराना तोंडकडे कोन देखस रे भाऊ? समदा मापकडे देखतस."

मी दोन दिवस ब्रश उचलला नाही. मग सगळी बुबुळं बदलली. सगळ्यांची नजर पायलीवर, एक पोरगं सांडलेले दाणे वेचतंय, एका बाईनं पदर आधीच पसरलाय. दामाजीपंत बाजूला सरकले आणि वाकले. माप भरायला वाकावंच लागतं.

पैशाचं थोडक्यात: दर चौरस फुटावर ठरवा, इसार घ्या, परांची आणि भिंतीची डागडुजी कुणाच्या खर्चानं ते आधीच लिहून घ्या. मी घेतलं नव्हतं, दोन्ही माझ्याच खिशातून गेलं.

आणि वार्निश लगेच मारू नका. आठवडाभर गावाला बघू द्या. आमच्या आजीनं सहाव्या दिवशी विचारलं, पायली काठोकाठच का, काठावर चढणारी दाण्यांची शीग कुठंय? पिवळा नि तपकिरी अजून डब्यात होते, शीग लावली.