खारपाणपट्ट्यातल्या फायबर कूलरला सिरॅमिक कोटिंग

अकोला-दर्यापूर भागातल्या बोअरच्या पाण्याने कूलरची फायबर बॉडी पांढरी पडते. उन्हाने वरचं रेझिन झिजून काचेचे तंतूही उघडे पडतात. अशा बॉडीला भट्टीत भाजायचं कोटिंग चालत नाही, साधं पॉलिएस्टर रेझिन ७०-८० अंशांवर मऊ पडू लागतं. म्हणून हवेतल्या ओलाव्यावर कडक होणारं पॉलिसिलाझेन नावाचं सिरॅमिक कोटिंग घ्या.

काम दिवाळीनंतर काढा. मे महिन्याच्या कोरड्या हवेत थर कच्चा राहतो, पावसाळ्यात दुधाळ होतो. कापूस उघडा पडलेल्या जागी फवारू नका, तंतू येऊन चिकटतात.

खसच्या ताट्या, मोटर, पंप काढून घ्या. लिटरभर पाण्यात ५० ग्रॅम लिंबूसत घालून क्षारांवर १५ मिनिटं ठेवा, घासा आणि शेवटचं धुणं आरओच्या पाण्याने करा. बोअरचं पाणी सुकलं की डाग परत येतात. तंतू उघडे असतील तर २२० नंबरचा पॉलिश पेपर मारून एपॉक्सी प्रायमर लावा. पारदर्शक सिरॅमिक एकटं ऊन अडवत नाही, त्यामुळे त्याच्या खाली आधी पांढरा टू-पॅक पीयू (दोन भाग मिसळून लावायचा पॉलियुरेथेन रंग) हवाच. तो पूर्ण सुकला की ४०० नंबरने हलकं घासा.

आता पाणी ओतून बघा. पडदा अखंड राहिला तर बॉडी स्वच्छ आहे. थेंब गोळा झाले तर तेल किंवा मेण शिल्लक आहे, आणि तिथे कोटिंग हमखास सुटणार. आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा, पण ते पूर्ण उडू द्या. त्याची पॉलिसिलाझेनशी रासायनिक क्रिया होते.

दव सुकल्यावर, सावलीत फवारा: १ ते १.२ मिमी नोझल, दीड-दोन बार दाब, १५-२० सेंमी अंतर. कॉम्प्रेसरला पाणी अडवणारा फिल्टर हवाच. २० टक्के घन भागाचं द्रावण २० मायक्रॉन ओलं बसलं की सुकून ४ मायक्रॉन उरतं. चार चौरस मीटर बॉडीला, अर्धा माल हवेत जातो असं धरून, १६० मिलि पुरतं. उरलं म्हणून आणखी एक हात मारू नका. फायबर उन्हात सिरॅमिकपेक्षा कितीतरी जास्त फुगतं, आणि जाड थराला तो ताण न पेलल्याने बारीक भेगा पडतात.

पाणी साठणाऱ्या तळाला फक्त एपॉक्सी लावा. बॉडी सात दिवस पाण्यापासून लांब ठेवा. फवारताना तोंडाला दुपट्टा बांधून भागत नाही, रसायनाच्या वाफांसाठीचा मास्क घाला. गनमधला उरलेला माल डब्यात परत ओतू नका: ओलावा लागलेल्या मालातून वायू सुटतो आणि बंद डबा फुगतो.