६५सी०२ मधेच भरकटत होता, असा सापडला दोष

ब्रेडबोर्डवर (सोल्डर न करता वायरी खोचायची पाटी) ६५सी०२ या प्रोसेसरचा छोटा कॉम्प्युटर बांधला होता, पण प्रोग्राम मधेच कुठेही उडी मारायचा आणि वायरीला बोट लागलं की वागणंच बदलायचं. रॉम बदलला, रॅम बदलली, काही फरक नाही. मग दोन्ही काढून डेटा बसच्या (प्रोसेसर डेटा वाचतो त्या) आठही लायनी १ के रेझिस्टरने ईए या हेक्स आकड्यावर बांधल्या, म्हणजे प्रोसेसरला सतत नोप (‘काही करू नको, पुढे जा’ ही आज्ञा) मिळतं आणि रीसेटनंतर मेमरीचा पत्ता ईएईए पासून एकेक वाढत जायला हवा. हा चिप स्टॅटिक आहे (कितीही हळू चालवला तरी आतलं विसरत नाही) म्हणून क्लॉक सेकंदाला एक ठोका ठेवून एलईडीवर सगळं बघता येतं, १९७५ च्या मूळ ६५०२ ला इतका हळू क्लॉक चालत नाही हं. (तो चक पेडलच्या टीमने २५ डॉलरला विकायला काढला, बाकीचे शेकडो डॉलरला असताना! ॲपल टू त्यावरच आला.)

तर पत्ता वाढता वाढता एकदम एफएफएफए वर गेला. ती एनएमआयची (अडवता न येणाऱ्या इंटरप्टची, म्हणजे चालू काम थांबवणाऱ्या सिग्नलची) जागा! बघतो तर त्याची ६ नंबरची पिन मोकळीच, आणि सीमॉस (अगदी कमी करंट लागणाऱ्या) चिपची मोकळी इनपुट पिन अँटेनासारखी वागते. मग ६ आणि तशाच इनपुटच्या ४ (आयआरक्यू, दुसरा इंटरप्ट), २ (रेडी) आणि ३६ (बस एनेबल), चारही पिना प्रत्येकी ३.३ के लावून ५ व्होल्टला ओढल्या. रात्रभर चालू ठेवलं, एकदाही भरकटला नाही.