स्कूटरला सायकलची ब्रेक केबल

उभं राहून चालवायची इलेक्ट्रिक स्कूटर आहे माझी, पावसाळ्यात मागची ब्रेक केबल आतून गंजली आणि रामकुंडाकडे उतरताना लिव्हर दाबला तरी गाडी आपली चाललीच, बूट घासत थांबलो. पंचवटीतल्या सायकलवाल्याकडून केबल, आऊटर (केबलवरचं आवरण) आणि नवा लिव्हर आणला. केबल मस्त बसली (एमटीबीवाली, म्हणजे माउंटन बाइकची घ्या, टोकाला छोट्या पिंपासारखा गोळा असतो ती) पण लिव्हर बदलल्यावर ब्रेक दाबूनही मोटर ढकलतच होती! मग ट्यूब पेटली, जुन्या लिव्हरमधे ब्रेक दाबला की मोटर बंद करणारा कट-ऑफ स्विच होता, त्याच्या दोन वायरी कंट्रोलरला (मोटर चालवणाऱ्या सर्किटला) जातात. परत जुनाच लिव्हर लावला. आऊटर कापताना तोंड चेपलं ते दाभणाने मोकळं केलं, टोकांना ग्रीस. आता चाक जागेवर लॉक होतंय, जरा जास्तच.