जुने ड्रायव्हर काढायचेत? मग आधी तारीख बघणं सोडा

जुलैत पीकविम्याची गर्दी सुरू झाली की सेलूत आमच्या दुकानावर रोज कुणीतरी सीपीयू काखेत मारून येतंच, प्रिंट निघेना, थंबचं मशीन घेईना, बाहेर लोकं उभी राह्यलेत लवकर काहीतरी करा. मागं असाच एक सेतूवाला आला. डिव्हाइस मॅनेजर, म्हणजे कॉम्प्युटरला जोडलेल्या वस्तूंची यादी, उघडलं, वर व्ह्यूमधी जाऊन शो हिडन डिव्हाइसेस केलं, तर एकाच प्रिंटरच्या चार फिकट ओळी, कधीच विकून टाकलेलं थंबचं मशीन, जुना नेटचा डोंगल, सगळे तिथंच बसलेले. प्रिंटरची केबल कधी या यूएसबीत तर कधी त्या यूएसबीत लावली की विंडोज त्याला नवीन प्रिंटर समजून कॉपी वन नावानं परत घेतं, आणि डिफॉल्ट मात्र जुनंच राहतं. सातबारा त्या जुन्या नावाला जायचा आन् तिथंच अडकायचा, प्रिंटर बिचारा चांगला होता.

आता हे साफ कसं करायचं ते सांगतो, पण त्याच्याआधी एक गोष्ट डोक्यात पक्की ठेवा, ड्रायव्हर, म्हणजे प्रिंटर, थंब असली वस्तू विंडोजला चालवता यावी म्हणून लागणारं सॉफ्टवेअर, जुना आहे का नाही हे तारखेवरून ठरवू नका. लई जण तारीख बघतात, 21-06-2006 दिसली की घाबरतात, एवढा जुना म्हणून उडवून टाकतात. ती तारीख मायक्रोसॉफ्टनं मुद्दाम टाकलीय, विंडोजसोबत येणाऱ्या त्यांच्या स्वतःच्या ड्रायव्हरवर तीच असते, म्हणजे कंपनीचा ड्रायव्हर आला की त्याची तारीख नवीन ठरते आणि विंडोज तो निवडतं. कीबोर्ड, यूएसबी, सिस्टम डिव्हाइसेसमधी ही तारीख दिसली तर हात लावायचा नाही. काढायचं ते ज्याची वस्तू आता आपल्याकडं नाही त्याचं.

सुरुवात करायच्या आधी लाईटचं बघा. डेस्कटॉप असंल आन् यूपीएसची बॅटरी गेलेली असंल तर हे काम लाईट जायच्या टायमाला काढू नका, ड्रायव्हर निघता निघता मशीन बंद पडली तर विंडोज चालूच होईना असं होऊ शकतं. मग काही बिघडलं तर विंडोज आधीच्या स्थितीला नेता यावं म्हणून स्टार्टमधी क्रिएट अ रिस्टोर पॉइंट टाइप करा. तिथं सी ड्राइव्हपुढं ऑफ दिसलं तर कॉन्फिगरमधी जाऊन प्रोटेक्शन चालू करा आणि क्रिएट दाबून पॉइंट बनवा.

आणि ड्रायव्हरची कॉपी काढून ठेवा, हे कुणी करत नाही पण मी तरी याच्याशिवाय पुढं जात नाही. डी ड्राइव्हमधी ड्रायव्हर नावाचं फोल्डर करा, टर्मिनल किंवा कमांड प्रॉम्प्ट रन ॲज ॲडमिनिस्ट्रेटरनं उघडा, आणि फोनवर सांगावं तसं सांगतो, सगळं इंग्रजी अक्षरात टाइप करा: पीएनपीयूटिल, स्पेस, स्लॅश एक्सपोर्ट डॅश ड्रायव्हर, स्पेस, स्टार, स्पेस, डी कोलन बॅकस्लॅश आणि फोल्डरचं नाव. एंटर मारलं की बाहेरून टाकलेले सगळे ड्रायव्हर त्या फोल्डरात येतात. एक कॉपी पेनड्राइव्हवर पण टाका.

आता काढायला घ्या. पहिलं सेटिंगमधी ॲप्सच्या लिस्टमधी बघा, जुन्या प्रिंटरचं, जुन्या थंब मशीनचं सॉफ्टवेअर तिथं असंल तर आधी तिथूनच अनइन्स्टॉल करा, नाहीतर त्याची सर्व्हिस मागं चालूच राहते. थंबवाल्यांनी हे नक्कीच करा, कारण दोन कंपन्यांच्या आरडी सर्व्हिस, म्हणजे आधारसाठी थंब घेणारं मशीनचं सॉफ्टवेअर, एकाच वेळी चालू असल्या की पोर्टल कधी कधी चुकीच्या मशीनला विचारत बसतं.

मग डिव्हाइस मॅनेजर, हिडन डिव्हाइसेस चालू. फिकट दिसलं म्हणजे भंगार असं नाही बरं का, फिकट म्हणजे आत्ता जोडलेलं नाही एवढंच. तुमचा रोजचा पेनड्राइव्ह काढून ठेवला तर तोही फिकटच दिसतो. ओळखीच्या, गेलेल्या वस्तूवर राइट क्लिक, अनइन्स्टॉल डिव्हाइस, आणि ड्रायव्हर पण काढायची टिक येते ती लावा, विंडोज 10 आणि 11 मधी तिचं वाक्य जरा वेगळं आहे, काम एकच. सिस्टम डिव्हाइसेस आणि सॉफ्टवेअर डिव्हाइसेसमधल्या फिकट ओळी तशाच राहू द्या, त्या काढल्यानं जागा पण मोकळी होत नाही आन् स्पीड पण वाढत नाही.

प्रिंटरचं वेगळं असतं. सेटिंगमधून रिमूव्ह केलं तरी ड्रायव्हर आत राहतोच. विंडोज आणि आर दाबून प्रिंटयूआय, स्पेस, स्लॅश एस, स्पेस, स्लॅश टी टू टाका, ड्रायव्हर्सचा टॅब उघडतो. जुनं नाव निवडा, रिमूव्ह, आणि ड्रायव्हर अँड ड्रायव्हर पॅकेजवाला पर्याय घ्या. इन यूज म्हणायलं तर सर्व्हिसेसमधी प्रिंट स्पूलर (प्रिंटची रांग सांभाळणारी सर्व्हिस) रिस्टार्ट करून लगेच परत करा. त्या सेतूवाल्याचं एवढ्यातच काम झालं, चारी ओळी काढल्या, प्रिंटर एकाच यूएसबीत लावला, डिफॉल्ट केला आणि त्या यूएसबीवर मार्करनं खूण करून दिली.

जागा कमी पडत असंल तर डिस्क क्लीनअप उघडा, क्लीनअप सिस्टम फाइल्स दाबा, आणि लिस्टमधी डिव्हाइस ड्रायव्हर पॅकेजेस आलं तर टिक करा, जुन्या व्हर्जन विंडोज स्वतःच काढतं. सिस्टम 32 मधलं ड्रायव्हरस्टोअरचं फोल्डर उघडून हातानं डिलीट करायचं नाही म्हणजे नाही. आणि फुकट ड्रायव्हर अपडेट करून देतो म्हणणारे प्रोग्राम पण नकोत, असल्या एकानं टचपॅड बंद पाडलेला लॅपटॉप मी स्वतः दुरुस्त केलाय.

लॅन किंवा वायफायचा ड्रायव्हर काढायच्या आधी नवीन डाउनलोड करून ठेवा, ते राहून गेलं तर मोबाइल यूएसबीनं जोडून टेदरिंग करा, सहसा त्याला वेगळा ड्रायव्हर लागत नाही. ग्राफिक्स कार्ड बदललं असंल तर जुना ग्राफिक्स ड्रायव्हर पुसायला डीडीयू (डिस्प्ले ड्रायव्हर अनइन्स्टॉलर) नावाचं टूल सेफ मोडमधी चालवतात, पण बिटलॉकर, म्हणजे विंडोजचं डिस्कचं कुलूप, चालू असलेल्या लॅपटॉपवर आधी रिकव्हरी की लिहून घ्या.

झालं की रिस्टार्ट करा, प्रिंट, आवाज, नेट, थंब एकेक बघा. डिव्हाइस मॅनेजरमधी कुठं पिवळी खूण आली तर त्या ओळीवर राइट क्लिक, अपडेट ड्रायव्हर, ब्राउझ माय कॉम्प्युटर, आणि मघाशी बनवलेलं डी ड्राइव्हचं फोल्डर दाखवा, सबफोल्डरची टिक तेवढी राहू द्या.