टेस्टइन्फ्राची एकच लांबलचक फाइल फोडण्याआधी

टेस्टइन्फ्रा म्हणजे सर्व्हर नीट लावलाय का हे तपासणाऱ्या चाचण्या पायथनमध्ये लिहायचं टूल; त्या चालवतं पायटेस्ट. फाइल फोडायला गिटची वेगळी ब्रँच, जुनी फाइल कमिट केलेली, हे सांगायला नको. पहिलं काम म्हणजे पायटेस्ट कलेक्ट-ओन्ली (चाचण्या न चालवता नुसती यादी देणारा पर्याय) लावून चालवा आणि निघालेली यादी जपून ठेवा. नुसता आकडा पुरत नाही, नावं हवीत. एका फाइलीत एकाच नावाची दोन फंक्शन्स असली तर पायथन गुपचूप खालचं ठेवतो, वरची चाचणी कधी चालतच नाही. फाइली वेगळ्या झाल्या की ती उगवते आणि आकडा वाढतो. घाबरून काढू नका, ती हवीच होती.

मग यादीतल्या प्रत्येक चाचणीपुढे ती कोणत्या सर्व्हरवर चालायची ते लिहा. कंटाळवाणं आहे, तरी लिहा. फाइली सर्व्हरच्या कामानुसार पाडा: वेब, डेटाबेस आणि सगळीकडे लागणारी समाईक. कारण टेस्टइन्फ्रा कुठे चालायचं हे फाइलीगणिक ठरवतं, आणि गोम इथेच आहे. टेस्टइन्फ्रा_होस्ट्स हे व्हेरिएबल ज्या फाइलीत आहे तेवढ्याच फाइलीला लागू होतं. नव्या फाइलीत ते नसेल आणि कमांडमध्येही होस्ट दिले नसतील, तर चाचण्या जिथून कमांड दिली त्याच मशीनवर चालतात. एरर नाही, वॉर्निंग नाही. लॅपटॉपवर एसएसएच (दुरून लॉगिन करायची सर्व्हिस) चालू असलं की चाचणी हिरवी, सर्व्हर बंद पडलेला का असेना! मागच्या वेळी नेमकं हेच राहिलं होतं. म्हणून पुन्हा: प्रत्येक नव्या फाइलीच्या वरच्या ओळींत टेस्टइन्फ्रा_होस्ट्स. कॉन्फटेस्टमध्ये (फोल्डरभराच्या चाचण्यांसाठी पायटेस्टची समाईक फाइल) एकदाच लिहून भागत नाही. तिथली फिक्स्चर्स, म्हणजे चाचण्यांना लागणारी तयारीची फंक्शन्स, खालच्या फोल्डरांना मिळतात, हे व्हेरिएबल मिळत नाही.

उलट बाजूही आहे. कमांडमध्ये होस्ट्सचा पर्याय दिलात तर फाइलीतलं व्हेरिएबल बाजूला पडतं आणि डेटाबेसच्या चाचण्या वेब सर्व्हरवर जाऊन आपटतात. फाइली फोडल्यावर तो पर्याय काढा, सीआयमधूनही (कोड बदलला की चाचण्या आपोआप चालवणारी यंत्रणा).

फाइलींची नावं टेस्ट_ने सुरू करा किंवा _टेस्टने संपवा, नाहीतर पायटेस्ट त्यांच्याकडे बघणारही नाही. दोन फोल्डरांत एकाच नावाची फाइल असेल तर इम्पोर्ट मिसमॅचची एरर येते. दोन्हीकडे रिकामी इनिट फाइल (__init__.py) ठेवा किंवा सरळ नावं बदला.

एका चाचणीने सर्व्हिस रीस्टार्ट करायची आणि पुढचीने पोर्ट तपासायचा, अशा जोड्या तोडू नका; तोडायच्याच असतील तर आधी त्यांचं एकमेकींवरचं अवलंबन काढा. मार्कर, म्हणजे चाचण्यांना लावलेली लेबलं, पायटेस्टच्या कॉन्फिगमध्ये नोंदवा. सीआयमधला जुन्या फाइलीचा पाथ बदला. पायटेस्टने संपताना दिलेला एक्झिट कोड 5 म्हणजे एकही चाचणी सापडली नाही. सीआयची स्क्रिप्ट तो गिळत नाही ना, बघा.

शेवटी नवी यादी जुनीशी ताडा. मग व्हर्बोज (सविस्तर आउटपुटचा पर्याय) लावून चालवा आणि प्रत्येक चाचणीच्या नावामागचा चौकटी कंस वाचा. तिथे सर्व्हरचं नाव हवं. 'लोकल' दिसलं की त्या फाइलीत टेस्टइन्फ्रा_होस्ट्स राहिलंय. हो, पुन्हा तेच. टेस्ट सर्व्हरवरची एखादी सर्व्हिस मुद्दाम बंद करून चाचणी लाल होते का पाहा, मगच मर्ज.